पान ३१२ची तळटीप

ब्रेकन, मिनेसोटा
८ ऑगस्ट २०१४

प्रिय सोल्वेग,

तुझ्या जूनमधल्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. कारण सांगतो, आणि सांगताना माझी छाती थोडी फुगली तर तेवढं चालवून घे. आमच्या ग्रंथालयाच्या मार्लिसबाईंनी यंदाचं अकरा सप्टेंबरच्या आठवणीचं पुस्तकांचं टेबल माझ्या हाती दिलं आहे.

ते टेबल तुला माहीतच आहे. एक झेंडा, एक विजेची मेणबत्ती, जळत्या मनोऱ्यांच्या फोटोंची तीन जाडजूड पुस्तकं. ऑक्टोबर उजाडला की त्याच टेबलावर भोपळे येतात. मी बाईंना स्पष्ट विचारलं, की लोकांना नुसतं हळहळायला लावायचं आहे, की काही समजावंसं वाटतं? त्या म्हणाल्या, मग तुम्हीच करा. मी करतो आहे. 'आधुनिक दहशतवाद: त्याची मुळं आणि परिणाम समजून घेण्यासाठी दहा पुस्तकं.' शीर्षक माझं. अक्षरही माझंच.

गेल्या तेरा वर्षांत मी या विषयावरची एक्केचाळीस पुस्तकं वाचली आहेत. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, परिशिष्टांसह. उन्हाळ्यात कुणाची घर तापवणारी फर्नेस बिघडत नाही आणि मला दुरुस्तीला कुणी बोलावत नाही, त्यामुळे मे ते ऑगस्ट हे चार महिने माझं विद्यापीठ. या गावात पदवीधर पुष्कळ आहेत, पण त्यातल्या कुणी एकानं जरी चार पुस्तकं वाचली असतील तर मी माझा पाइप-रेंच खाईन.

निवडीचे नियम कडक ठेवले. शेवटी सूची हवी. तळटिपा हव्यात. मुखपृष्ठावर ज्वाळा असतील तर पुस्तक बाद. लेखकाचा हाताची घडी घातलेला फोटो असेल तरीही बाद. एवढ्यावरच एकोणीस गळाली. एका सेनापतीच्या आठवणींत त्याचे स्वतःचे अकरा फोटो होते आणि शत्रूचे दोन, तेही अंधुक. टीव्हीवर दररोज संध्याकाळी येणाऱ्या एका जाणकारानं नकाशात एका देशाची राजधानी शेजारच्या देशात ढकलली होती. त्याला मी पत्र लिहिलं. उत्तर म्हणून सहीचा फोटो आला.

यादी सोबत जोडली आहे. तू एकतीस वर्षं डलूथच्या शाळेत ग्रंथपाल होतीस, तेव्हा तुझ्या दोन शब्दांना माझ्या लेखी किंमत आहे.

एक गंमत राहिली. मार्लिसबाई परवा हळूच म्हणाल्या, 'ऑर्व्हिल, अकरावं एक घ्याल का?' आणि अठ्ठेचाळीस पानांची, दोन टाचण्या मारलेली एक पुस्तिका पुढे सरकवली. लिहिणारी होदान वर्सामे. टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात पिसं उपटण्याच्या रांगेत उभी असते. मूळची मोगादिशूची. चर्चच्या तळघरातल्या इंग्रजीच्या वर्गात तिनं हे लिहिलं आणि तिथल्या महिला मंडळानं छापून घेतलं. तीन वर्षांपूर्वी तिच्या भावाच्या चहाच्या दुकानाशी स्फोट झाला, त्याबद्दल आहे. सूची नाही, तळटीप नाही. तरी मी नियम बाजूला ठेवून तपासली, कारण हाच स्फोट माझ्या यादीतल्या चौथ्या पुस्तकात पान ३१२वर तळटिपेत आला आहे. एका ओळीत, पण वेळ आणि आकड्यासह.

मला तीन चुका सापडल्या. त्यामुळे नाही म्हणून सांगितलं.

तुझा,
ऑर्व्हिल

ता. क. मेल का करत नाहीस असं पुन्हा विचारू नकोस. कागदावर लिहिलेलं माणूस दोनदा वाचून पाठवतो.


डलूथ
१७ ऑगस्ट

प्रिय ऑर्व्ही,

तुझं पत्र तू दोनदा वाचून पाठवलंस, यावर माझा विश्वास बसत नाही.

यादी पाहिली. अक्षर सुरेख. दहा पुस्तकं, दहा पुरुष. त्यातले सहाजण एकाच शहरात राहतात आणि बहुधा एकाच ठिकाणी जेवतात, कारण चार पुस्तकांत आभार मानताना त्यांनी एकमेकांचीच नावं घेतली आहेत. स्फोट जिथे होतात तिथे महिनाभर तरी घर भाड्यानं घेऊन राहिलेला यात कोण आहे? मला एक सापडला, आणि तोही वकिलातीच्या भिंतीआड. बाकी सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. शेळ्या मेल्या तर किती मेल्या, हे मात्र चोख मोजतात.

तू दहशतवाद समजून घ्यायची यादी केलेली नाहीस, बाबा. दहशतवादावर लिहिणारी माणसं समजून घ्यायची केली आहेस. तीही उपयोगाची आहे, पण मग फलकावर तसं लिही.

ती दोन टाचण्यांची पुस्तिका मला पाठव. आणि तुझ्या त्या तीन चुकाही.

अजून एक. आठवड्याच्या वर्तमानपत्राला यावर पत्र लिहू नकोस. मी तुला पन्नास वर्षं ओळखते. हे वाचताना तुझा हात पेनाकडे गेला असेल, तर तिथून काढ.

सोल्वेग


ब्रेकन
३० ऑगस्ट

प्रिय सोल्वेग,

तुझं पत्र पोचण्याआधीच माझं छापून आलं होतं. कात्रण सोबत आहे.

मला ते लिहिणं भाग पडलं, हे समजून घे. मी पुस्तिका नाकारली म्हणून महिला मंडळातल्या दोघींनी माझ्याबद्दल 'मनाचा कोता' असा शब्द वापरला, तोही कॉफीच्या वेळी, सगळ्यांसमोर. मी कोता नाही, मी काटेकोर आहे. म्हणून अकरा इंचांचा एक स्तंभ भरून तिन्ही चुका क्रमानं दिल्या. एक, बाई लिहितात स्फोट आठ वाजता झाला. पान ३१२ सांगतं दुपारी दोन. दोन, त्यांच्याच म्हणण्यानुसार लोक दुपारची नमाज आटोपून चहाला आले होते. आठला स्फोट आणि त्याआधी दुपारची नमाज? तीन, मृतांचा आकडाच दिलेला नाही. शेवटी इतकंच लिहिलं, की ज्या साक्षीदाराला सकाळ आणि दुपार यांतला फरक सांगता येत नाही, त्याच्या भरवशावर वाचकांनी जगाचं आकलन करून घेऊ नये.

वाक्य चांगलं उतरलं आहे, हे तूही मान्य करशील.

प्रतिसाद भरपूर आला. हार्डवेअरच्या दुकानातला लायल भर रस्त्यात माझा हात धरून म्हणाला, 'मी म्हणत नव्हतो, ही माणसं गोष्टी रचतात?' मी म्हणालो, मी फक्त वेळेबद्दल बोललो. तो म्हणाला, 'चोर वेळेवरूनच सापडतो.' कॉफीचे पैसे त्यानंच दिले. खरं सांगायचं तर ती कॉफी मी अर्धीच टाकून आलो. लायल पुस्तकं वाचत नाही. त्याच्याकडे फक्त दरपत्रक असतं.

पुस्तिका पाठवतो आहे. पेन्सिलीच्या खुणा माझ्या. खोडू नकोस.

ऑर्व्हिल


डलूथ
९ सप्टेंबर

ऑर्व्ही,

पुस्तिका दोनदा वाचली. तुझ्या खुणाही वाचल्या, सगळ्या पान एक्केचाळीस आणि बेचाळीसवर.

तिसऱ्या चुकीपासून सुरुवात करते. तिनं आकडा दिला नाही, हे खरं. नावं दिली आहेत. लिबान, तो तिचा भाऊ. मग गाडीवाला नूर, मग आस्था आणि तिच्या दोन मुली, आणि पुढे. बोटांवर मोजलीस तर नऊ भरतात. तुझ्या तळटिपेतही नऊच आहेत. आकडा दिला असता तर तू बरोबरची खूण केली असतीस. नावं दिली म्हणून तुला मोजता आली नाहीत. शाब्बास.

आता पहिल्या दोन. मला यातलं काही ठाऊक नाही, पण एवढं कळतं: ज्या बाईनं नऊ माणसांची नावं, कोण कुठल्या बाकावर बसलं होतं आणि कुणाचा पेला अर्धा होता, हे लिहून ठेवलं, ती आपल्या भावाच्या मरणाची वेळ सहा तासांनी चुकेल? तिनं लिहिलंय की सावल्या पायाशी आखडल्या होत्या. आठ वाजता तुझी सावली पायाशी आखडते का रे? मग नमाज, सावल्या आणि तुझं पान ३१२ एकमेकांशी जुळतात आणि तिचं घड्याळ एकटं जुळत नाही, तर तू बाईलाच खोटी कशी धरलीस? फर्नेस तपासतानाही असंच करतोस का?

ती तुझ्या घरापासून किती लांब राहते? चार चौक? जा आणि विचार. मला डलूथला पत्र पाठवून काय कळणार आहे?

सोल्वेग


ब्रेकन
२३ सप्टेंबर

प्रिय सोल्वेग,

मी विचारायला जाण्याआधीच मला विचारायला कुणीतरी आलं.

१६ तारखेला गॅरेजच्या दारात एक तरुण बाई उभी. अंगावर शहरी कोट, हातात फाइल, आणि फाइलीत माझं कात्रण. नाव मिस रोबॅक, होदान वर्सामेची वकील. कात्रण पाहून मला वाटलं, कौतुक करायला आली असेल. तेवढा वेळ माझा चेहरा कसा होता, देव जाणे.

तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. होदानचा आश्रयाचा अर्ज न्यायालयात आहे. दुकानाकडून हप्ता मागणाऱ्या टोळीला तिच्या भावानं नाही म्हटलं, म्हणून स्फोट तिथे झाला. मग त्याच लोकांनी तिलाही निरोप धाडला. सुनावणी १२ नोव्हेंबरला. ती हरली तर तिला परत पाठवतील, आणि तिथे तिची वाट बघणारे तेच आहेत. अर्जात स्फोटाची वेळ दुपारी दोन आहे. पुस्तिकेत आठ आहे. आणि सरकारी वकिलानं माझं कात्रण पुरावा म्हणून लावलं आहे. त्याच्या कागदावर माझा उल्लेख 'या विषयाचे एक स्थानिक अभ्यासक' असा आहे.

सोल्वेग, आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला छापील कागदावर अभ्यासक म्हटलं. त्याचा उपयोग हा.

मी विचारलं, मग आठ का लिहिलं तिनं? मिस रोबॅक म्हणाली, 'तुम्ही तिलाच का नाही विचारत? ती तुमची वाट बघतेय. पुस्तिका छापून सात महिने झाले, तिला कुणी काही विचारायला आलेलं नाही.'

गेलो. जुन्या बुटांच्या दुकानावर ती राहते. वयानं पस्तिशीची असेल, बोटं कारखान्याच्या थंडीनं सुजलेली. मी बसायच्या आत पुढ्यात चहा आला, वेलची-लवंगेचा, आणि जाळीदार धिरड्यासारखं काहीतरी. मी थेट मुद्द्यावर आलो. तीही.

'साहेब, तुमचा दिवस कधी सुरू होतो?'

मी म्हणालो, रात्री बाराला.

'तेव्हा कोण जागं असतं?'

मी म्हणालो, थंडीत फर्नेस बंद पडलेले लोक.

ती म्हणाली, आमचा दिवस सूर्य उगवला की सुरू होतो. तिथून मोजायचं. तुमचे सात वाजले की आमचा एक वाजला. तुमचे दोन म्हणजे आमचे आठ. आजी असंच मोजायची, आई असंच मोजते, फोनवर अजूनही असंच सांगते. वर्गातल्या बाईंनी स्पेलिंग तपासलं, घड्याळ नाही तपासलं. अर्ज भरताना दुभाषा होता, त्यानं आपल्या आपण दोन करून टाकले. मला वाटलं, इंग्रजीत आकडा तोच राहतो.

मी तिथेच खिशातून पेन्सिल काढून हिशेब केला. विषुववृत्त जवळ, त्यामुळे सूर्योदय वर्षभर सहाच्या आसपास. सहा अधिक आठ, चौदा. म्हणजे दोन. पान ३१२शी अगदी जुळतं.

तांत्रिक दृष्ट्या पाहिलं तर हा एकक बदलण्यातला फरक आहे. फॅरनहाइट आणि सेल्सियससारखा. असं कुणाचंही होऊ शकतं.

घरी येऊन मी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पुस्तकांच्या सूच्या चाळल्या. 'घड्याळ' पाहिलं, 'वेळ' पाहिलं, 'काळ' पाहिलं. हल्ल्यांच्या वेळा शेकड्यांनी आहेत. तिथली माणसं वेळ कशी मोजतात, हे एकानंही लिहिलेलं नाही.

मिस रोबॅक म्हणते, न्यायालयात येऊन शपथेवर चूक कबूल करा. नाहीतर सरकारी वकील म्हणेल की कात्रण छापून आल्यावर बाईनं हे घड्याळाचं निमित्त रचलं. मी विचार करून सांगतो म्हणालो. हात दाखवून अवलक्षण ते हेच. मला पत्रावर काम भागेल असं वाटतं. नोटरीसमोर सही करून. तुझं काय मत?

ऑर्व्हिल


डलूथ
१ ऑक्टोबर

ऑर्व्ही,

कुणाचंही होऊ शकतं, हे बरोबर. पण ते अकरा इंचांत छापून फक्त तू आणलंस.

तुला माझं मत नको आहे. तुला माझ्याकडून एक तळटीप हवी आहे, की 'वरील चूक ही चूक नव्हे.' ती मी देणार नाही. तू जाशील, कोट घालून जाशील, आणि तिथे 'तांत्रिक दृष्ट्या' हा शब्द तोंडातून काढणार नाहीस.

त्याआधी वर्तमानपत्रात दुरुस्ती दे. त्याच स्तंभात, तेवढीच लांब. पुस्तिका सोबत परत पाठवते आहे, खुणा जशाच्या तशा.

आता मी माझं सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी उंच फळीवर बसून बोलते आहे. मनोरे पडले तो मंगळवार झाल्यावर मी शाळेत दरवर्षी तुझ्यासारखंच टेबल मांडायचे. आठ वर्षं. त्या वर्षांत आमच्याकडे सोमाली मुलं आली, इराकी मुलं आली. एक मुलगी रोज दुपारी येऊन त्या टेबलाजवळ उभी राहायची, पुस्तकं उघडायची नाही, नुसती मुखपृष्ठं बघायची. मला वाटायचं, हिला वाचायला येत नाही. मी तिला चित्रांची पुस्तकं काढून दिली. ती काय बघते, हे मी विचारलं नाही. मलाही पदवी आहे म्हणून सांगते: पदवीनं यातलं काही सुधारत नाही.

जा.

सोल्वेग


ब्रेकन
१८ नोव्हेंबर

प्रिय सोल्वेग,

गेलो होतो. सविस्तर लिहितो, कारण तू विचारणारच.

आधी दुरुस्तीचं. मी चारशे शब्द दिले. संपादकानं साठ छापले, हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीखाली. मी पट्टी लावून पाहिलं, सव्वा इंच. चूक अकरा इंच, दुरुस्ती सव्वा. संपादक म्हणाला, दुरुस्त्या कुणी वाचत नाही. लायलनं मात्र वाचली. हल्ली मी दुकानात शिरलो की तो मागच्या खोलीत खिळे मोजायला जातो.

१२ तारखेला न्यायालय. आपण सिनेमात बघतो तसं काही नाही, बँकेच्या कार्यालयासारखी खोली, गालिचा करडा. न्यायाधीश साठीच्या बाई, सर्दी झालेल्या. होदान काळ्या ओढणीत, शेजारी न्यायालयानं नेमलेला दुभाषा, टक्कल, स्वेटर, हातात पेपरमिंटची पुडी. मला खुर्चीत बसवून शपथ दिली. मिस रोबॅकनं विचारलं ते सगळं मी नीट सांगितलं. कात्रण माझं, चूक माझी, बाईचा आकडा बरोबर.

मग सरकारी वकील उठला. वयानं माझ्या भाच्याएवढा. त्यानं विचारलं, शिक्षण किती. मी म्हणालो, बारावी, पुढे फर्नेस. सोमालियाला कधी गेला आहात? नाही. तिथली भाषा? नाही. मग या घड्याळाबद्दल तुम्हाला कुठून कळलं? मी म्हणालो, बाईंकडून. त्याआधी? त्याआधी नाही. तुम्ही वाचलेल्या एक्केचाळीस पुस्तकांपैकी एकात तरी हे आहे का? मी म्हणालो, एकातही नाही. 'म्हणजे,' तो म्हणाला, 'तज्ज्ञांच्या एक्केचाळीस पुस्तकांना जे माहीत नाही, ते तुम्ही अर्जदाराच्या तोंडून ऐकून इथे सांगता आहात.'

सोल्वेग, मी ज्या काठीनं तिला मारलं होतं, तीच काठी त्यानं माझ्या हातून काढून घेऊन तिलाच पुन्हा मारली. मी चूक कबूल केली तर तिचं काम सोपं होईल, असं मला वाटलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या कळलं, की मी तिथे आलो नसतो तरी एवढंच झालं असतं, आलो त्यानं कदाचित जास्तच बिघडलं. होदान खाली बघत होती. तिच्या बोटांनी ओढणीचं टोक गुंडाळत नेलं होतं, पार कोपरापर्यंत.

मला उतरायला सांगितलं. मी उतरलो नाही. तसं करायची पद्धत नाही, हे मला माहीत होतं. मी न्यायाधीशबाईंना म्हणालो, मला काही माहीत नाही हे ठरलं ना, मग ज्याला माहीत असेल त्याला विचारा. या खोलीत सकाळपासून कुणीतरी तिचं बोलणं इंग्रजीत करतंय.

सरकारी वकील हरकत घ्यायला उठला. बाईंनी नाक पुसलं, त्याच्याकडे पाहिलं नाही, दुभाष्याकडे वळल्या. इथून पुढचं मी शब्द न शब्द लिहितो.

'मिस्टर इस्से, अर्जदार जेव्हा सोमालीत आठ म्हणतात, तेव्हा तुम्ही मला काय सांगता?'

'दोन, मॅडम.'

'आज सकाळपासून?'

'अकरा वर्षांपासून, मॅडम. या मजल्यावरच्या प्रत्येक खटल्यात.'

'तुम्ही हे कधी बोलला नाहीत?'

'कुणी विचारलं नाही. मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे.'

खोलीतला हीटर सकाळपासून खडखडत होता. त्याचा पट्टा सैल आहे, असो. सरकारी वकील कागद उलटत राहिला. न्यायाधीशबाईंनी काहीतरी लिहिलं, मग वर बघून म्हणाल्या, की ज्यांच्या खटल्यात दुभाषा दुसरा होता, त्यांच्या वेळा कुणी तपासल्या आहेत का. निकाल टपालानं कळवू म्हणाल्या.

बाहेर आल्यावर होदाननं माझ्याकडे बघून मान हलवली. ते आभार होते की फक्त मान होती, हे मला सांगता येत नाही.

मी मार्लिसबाईंना सांगून पुस्तिका टेबलावर ठेवली आहे. टेबल यंदा मार्चपर्यंत राहणार, हे मी भांडून मिळवलं. ती दहाच्या आधी, सगळ्यांत वर, आणि शेजारी माझ्या अक्षरात कार्ड: 'दहशतवादाच्या परिणामांचा अस्सल, तपासून घेतलेला साक्षीपुरावा.' पाच जणांनी नेली. तुला आवडेल असं वाटतं.

ऑर्व्हिल


ब्रेकन
२० जानेवारी २०१५

श्री. ऑर्व्हिल त्वेत यांस,

मी इंग्रजी लिहायला शिकते आहे, म्हणून हे पत्र मिस रोबॅक यांना दाखवलेलं नाही. चुका असतील. तुम्ही शोधालच.

निकाल शुक्रवारी आला. मला इथे राहता येईल. आईला फोन केला. ती रडली आणि मग विचारलं, किती वाजले तिकडे? मी सांगितलं. कोणत्या घड्याळानं सांगितलं ते तुम्हाला सांगत नाही.

तुम्ही न्यायालयात आलात. खुर्चीवरून उठला नाहीत. त्याबद्दल आभार. त्या दिवशी म्हटले नाहीत, कारण मी अजून रागावले होते. थोडी अजूनही आहे. लायल नावाच्या माणसाच्या दुकानात मी बल्ब घ्यायला गेले तर तो अजून माझी पिशवी उघडून बघतो. तो आधी बघत नव्हता.

आता एक विनंती. माझी पुस्तिका त्या टेबलावरून काढा. कार्डही काढा.

तुम्हाला वाईट वाटेल. तुम्ही मान म्हणून ठेवलीत हे मला समजतं. पण मी ती दहशतवाद समजावा म्हणून लिहिली नाही. वर्गातल्या बाई म्हणाल्या, ज्या माणसाची आठवण येते त्याच्याबद्दल लिहा, म्हणून लिबानबद्दल लिहिली. अठ्ठेचाळीस पानं आहेत. त्या लोकांना मी दीड पान दिलं, तेही नाइलाजानं, कारण गोष्ट तिथून जाते. बाकी सगळी पानं दुकानाची आहेत. न्यायालयानं फाइलीत दीड पान लावलं. वर्तमानपत्रात दीड पान आलं. तुमची पेन्सिल मी ग्रंथालयातल्या प्रतीत पाहिली, तीही त्याच दीड पानावर. आता माझा भाऊ त्या टेबलावर त्याच लोकांच्या शेजारी बसला आहे, आणि वर तुमच्या सुंदर अक्षरात त्यांचं नाव आहे, त्याचं नाही.

कुठे ठेवायची ते मला माहीत नाही. ग्रंथालयात दुकानदारांचं कपाट असेल तर तिथे ठेवा. नसेल तर मार्लिसबाईंच्या खुर्चीमागे ठेवा.

तुम्ही कार्डावर 'तपासून घेतलेला' असं लिहिलं आहे. मग हेही लिहून ठेवा. पान सतरावर एक खोटी गोष्ट आहे. मी ती जाणूनबुजून लिहिली, आणि कुणाला सापडली नाही, कारण तिथे कुणी शोधतच नव्हतं. मी लिहिलंय की लिबान सुरेख गायचा आणि लोक त्याचं गाणं ऐकायला दुकानात बसून राहायचे.

तो फार वाईट गायचा, साहेब. तो गायला लागला की गिऱ्हाइकं पेला उचलून रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहायची. त्याला ते कधी कळलं नाही, त्याला वाटायचं त्यांना ऊन हवं आहे. मी एवढ्या कागदांवर लिहून दिलं, शपथेवर सांगितलं, की स्फोट झाला तेव्हा मी रस्त्यापलीकडे उभी होते. का उभी होते, ते अजून कुणी विचारलेलं नाही.

होदान वर्सामे